पाढे आधी की गुणाकार आधी?

दुसरी-तिसरीतल्या मुलाला गुणाकार शिकवायचा म्हटलं की मोठ्यांचे दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, पाढे घोकून घ्या, अर्थ पुढे कळेल. दुसऱ्याचं, आधी समजू द्या, पाठ काय आपोआप होईल. पहिल्याचं निम्मं बरोबर आहे. दुसऱ्याचं ते ‘आपोआप’ मात्र मला मुळीच पटत नाही.

पाढे पाठ हवेतच. भागाकार करताना सहा सत्ते किती यावरच मूल अडलं, तर मूळ गणित हातचं निसटतं. पण नुसत्या चालीवर म्हटलेले पाढे चालीतच अडकून राहतात. मध्येच ‘सात चोक?’ विचारा, स्वारी ‘सात एके सात’पासून सुरू होते. ३ × ४ चं चित्र काढायला सांगा. तीन गोळे आणि शेजारी चार गोळे काढले, तर पाढा येतोय, गुणाकार नाही.

समजुतीकडून जायच्याही दोन वाटा आहेत. ४ + ४ + ४ अशी बेरीज मुलांना चटकन कळते, सुरुवातीला तेवढं पुरे. पुढे ½ × ¼ आलं की ती उपयोगाची नाही. मला ठिपक्यांच्या ओळी जास्त पसंत आहेत. तीन ओळींत चार-चार ठिपके काढून कागद आडवा फिरवला, की ३ × ४ आणि ४ × ३ एकच, हे सांगावं लागत नाही. ७ × ८ अडलं? आठ-आठ ठिपक्यांच्या सात ओळी काढा, पाचव्या ठिपक्यानंतर उभी रेघ मारा. इकडे ३५, तिकडे २१, झाले ५६. पुढे २३ × १४ लाही हीच रेघ कामी येते.

यात पाठांतराचं ओझंही उतरतं. दहापर्यंतचे गुणाकार १००. उलटसुलट जोड्या एकच धरल्या तर ५५. त्यांतून १, २, ५ आणि १० चे वगळले की उरतात फक्त २१. नऊचा पाढा तर दहातून निघतो: ९ × ७ म्हणजे ७० वजा ७.

तेव्हा मूल कोरं असेल तर ठिपक्यांपासून सुरुवात करा आणि पाठांतर लगेच मागोमाग, उलटसुलट विचारत. पाढे आधीच तोंडपाठ असतील तर मोडता घालू नका, फक्त चित्रं काढून घ्या. घड्याळ लावून चाचणी उत्तरं पक्की झाल्यावरच. त्याआधी लावली तर मूल अंदाज ठोकायला शिकतं. ॲप सरावापुरतं ठीक.