प्रेसखाली बोटं गेली: ईएसआय, भरपाईचा दावा की ठेकेदाराचं पाकीट?

पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर, बोटं गेलेल्या कामगाराकडे दोन-तीन दिवसांत एक माणूस येतोच. हातात पाकीट, सोबत टाईप केलेला स्टॅम्प पेपर. आमच्या मावसभावाकडेही आला. चाकणच्या बाजूला एका प्रेस शॉपमध्ये रात्रपाळीला त्याची उजव्या हाताची दोन बोटं डायमध्ये सापडली. पाकिटात ६० हजार होते. कागदावर लिहिलं होतं, "सुपरवायझरने मनाई केलेली असताना मी सेफ्टी सेन्सर बंद करून मशीनमध्ये हात घातला. माझी कोणतीही तक्रार नाही." खाली सहीची जागा, आणि उजवा हात बँडेजमध्ये म्हणून डाव्या अंगठ्याची सोय.

त्याने मला फोनवर विचारलं, "दादा, ईएसआय बरं की कोर्टात केस टाकू? का हे घेऊन मोकळा होऊ?" ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कामगारांसाठीची सरकारी विमा योजना. हा प्रश्न बऱ्याच घरांत पडतो, म्हणून तिन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवून बघू.

पहिल्या दोन वाटांतली निवड बहुतेक वेळा कामगाराच्या हातात नसतेच. दहा किंवा जास्त कामगार असलेला कारखाना आणि महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार, म्हणजे तो माणूस ईएसआयचा. त्याला मालकावर भरपाईचा वेगळा दावा लावता येत नाही. १९४८ च्या ईएसआय कायद्यात ही आडकाठी होती आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. पगार त्याच्या वर असेल किंवा जागा ईएसआयमध्ये बसत नसेल, तर दुसरी वाट, म्हणजे १९२३ च्या कायद्याने आलेली कामगार नुकसानभरपाई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले आहेत. त्याआधीच्या अपघाताला जुना कायदाच लागतो, आणि हिशोबाची पद्धत दोन्हींत जवळपास तीच आहे.

आता पैसे. वय ३०, पगार १५,००० आणि एका हाताची दोन बोटं गेली असं धरू. कायद्याला जोडलेल्या यादीत याला कमाईच्या क्षमतेतली २० टक्के घट लावली आहे. (अंगठा गेला तर ३०, चारही बोटं गेली तर ५०. पहिल्यांदा ती यादी वाचली तेव्हा खाटकाच्या दुकानातला दरफलक वाचतोय असं वाटलं होतं.)

भरपाईच्या दाव्यात पगाराचे ६० टक्के, म्हणजे ९,००० रुपये, वयाच्या गुणकाने गुणायचे. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८ आहे, चाळिसाव्या वर्षाचा १८४.१७. गुणाकार येतो १८,७१,८२०. त्याचे २० टक्के म्हणजे ३,७४,३६४ रुपये, एकरकमी.

ईएसआयमध्ये एकरकमी काही मिळत नाही, पेन्शन मिळते. रोजचा सरासरी पगार ५०० धरला, तर त्याचे ९० टक्के ४५०, आणि त्याचे २० टक्के ९०. रोजचे ९० म्हणजे महिन्याला साधारण २,७०० रुपये, मरेपर्यंत. मधूनमधून महागाईपोटी वाढ मिळते ती वेगळी. वाढ सोडली तरी साडेअकरा वर्षांत पेन्शनची बेरीज वरच्या एकरकमी आकड्याला गाठते. तोवर माणूस जेमतेम बेचाळिशीत आलेला असतो.

म्हणून "ईएसआयमुळे आपले पौणेचार लाख बुडाले" असं जे बोललं जातं ते मला पटत नाही. गावाकडे एकरकमी पैशाला पाय फुटतात, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. पण ज्याच्या डोक्यावर सावकाराचं कर्ज आहे किंवा ज्याला हाताला झेपेल असा धंदा टाकायचा आहे, त्याला महिन्याचे २,७०० कसे पुरणार, हाही प्रश्न खराच आहे.

बरं होईपर्यंतच्या काळात मात्र ईएसआय सरळ पुढे आहे. कामावर जाता येत नाही तोवर ती ९० टक्के पगार देते. भरपाईच्या कायद्यात त्या काळाचे दर पंधरवड्याला मासिक पगाराचे २५ टक्के, म्हणजे महिन्याला अर्धाच पगार. उपचारातही तेच. ईएसआयमध्ये प्लास्टिक सर्जरीपासून कृत्रिम अवयवापर्यंतचा खर्च त्यांचा. दुसऱ्या वाटेत मालकाने प्रत्यक्ष खर्च द्यायचा असतो, पण आधी बिलं आपण भरायची आणि कागद जपून ठेवायचे. एक पावती हरवली की तेवढे पैसे गेले.

मृत्यू झाला तर फरक आणखी ठळक होतो. त्याच वयाच्या आणि पगाराच्या माणसाच्या घरच्यांना दाव्यात १५,५९,८५० रुपये मिळतात. ईएसआयमध्ये पगाराच्या ९० टक्के, म्हणजे महिन्याला साधारण १३,५०० रुपये वारसांत वाटले जातात आणि त्यात पत्नीचा वाटा तीन पंचमांश. लहान मुलं असलेल्या बाईला ही महिन्याची रक्कम जास्त आधाराची, असं माझं मत. एकरकमी पैशावर दिरापासून मेव्हण्यापर्यंत सगळ्यांची नजर असते.

दाव्याच्या वाटेत आणखी एक खोच आहे. पगार २८,००० असला तरी हिशोब सध्या १५,००० वरच होतो. २१,००० ची हद्द ओलांडून ईएसआयबाहेर गेलेल्या सुपरवायझरला पेन्शन नाही आणि भरपाईही निम्म्या पगारावर. बढतीच्या पेढ्यांच्या वेळी हे कोणी सांगत नाही.

तरीही दाव्यात ताकद आहे. रक्कम अपघाताच्या दिवसापासून देय होते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली एका सुताराच्या प्रकरणात सांगितलं. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून त्याचं नुकसान पूर्ण, शंभर टक्के धरलं गेलं. महिन्याभरात मालकाने पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज लागतं आणि कारण पटलं नाही तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. विमा कंपनी मूळ रक्कम भरते, दंड मात्र मालकाच्या खिशातून जातो. ठेकेदार पळाला तर मूळ कंपनीवर दावा लावता येतो. आणि मराठवाड्यातून चाकणला आलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: दावा अपघात झाला तिथेच लावायला हवा असं नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही लावता येतो. मुदत दोन वर्षांची आहे. वकील टक्क्यावर काम करतात, ते आधीच ठरवून घ्या.

आता पाकीट. ६० हजार विरुद्ध ३,७४,३६४, इथेच खरं तर विषय संपतो. पण ते पाकीट नुसतं कमी पैशाचं नसतं, सोबतच्या कागदात खरी मेख आहे. भरपाईला कामगाराची चूक आड येत नाही. जांभई आली, हात सटकला, तरी पैसे मिळतात. अपवाद मोजके आहेत: दारू पिऊन काम, सुरक्षेसाठी दिलेला हुकूम मुद्दाम मोडणं, सेफ्टीचं साधन मुद्दाम काढणं. मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला तर हे अपवादही चालत नाहीत, पण दोन बोटांना चालतात. आता तो स्टॅम्प पेपर परत वाचा. "मनाई केलेली असताना", "सेन्सर बंद करून". प्रत्येक शब्द त्या अपवादाच्या मापाने शिवलेला आहे. सेन्सर चालू असला की तासाला जॉब, म्हणजे तयार नग, कमी निघतात, म्हणून तो कोण बंद ठेवतो हे शॉपमधल्या हेल्परलाही माहीत असतं.

पाकीट घेऊन बसलेल्यांनीही घाबरू नये. हक्क सोडून दिल्याचा करार कायद्यात रद्दबातल असतो, आणि नोंद न केलेल्या तडजोडीने मालकाची सुटका होत नाही. पण अंगठा देऊन झाल्यावर ते शाबीत करत बसण्यापेक्षा आधीच न दिलेला बरा.

भावाच्या बाबतीत ठेकेदार आणखी एक गोष्ट म्हणाला, "तुझा ईएसआय नंबर काढलाय, काळजी करू नको." नंबर पाहिला तर नोंदणी अपघाताच्या दुसऱ्या दिवसाची. तो तिथे सात महिने कामाला होता. अशा वेळी कामगार हक्काला मुकत नाही. मालकाने वर्गणी भरली नसेल तरी ईएसआय लाभ देते आणि मालकाकडून वसूल करते. मात्र अपघाताआधी आपण तिथे होतो हे दाखवावं लागतं. बँकेत पगार जमा झाल्याचे मेसेज, गेटपास, मोबाईलमधला हजेरी मशीनसमोरचा एखादा सेल्फी, काहीही. ज्या दवाखान्यात पहिल्यांदा नेलं तिथल्या केसपेपरवर "कंपनीत मशीनवर" असं लिहिलंय ना, ते तिथेच बघून घ्या. "घरी दरवाज्यात सापडलं" असं लिहून आणायची पद्धत जुनी आहे. अपघाताचा रिपोर्ट मालकाने ईएसआयला द्यायचा असतो. त्याने टाळला तर आपणच शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

पगाराचे दोन भाग करणाऱ्यांमुळेही नुकसान होतं. बँकेत ११,००० आणि उरलेले ४,००० हातात, हे महिन्याच्या शेवटी गोड लागतं. पेन्शन मात्र ११,००० वर ठरते: २,७०० ऐवजी १,९८०. म्हणजे महिन्याला ७२० रुपये कमी, आयुष्यभर.

अडकलेला पगार हा वेगळा हिशोब आहे, तो यात मिसळू देऊ नका. ठेकेदार पाकिटात "मागचा पगार धरून" असं म्हणतो तेव्हा थांबवा. काम सुटलं की दोन कामाच्या दिवसांत सगळा पगार द्यावा लागतो, आणि वेतन संहितेखाली त्यासाठी तीन वर्षांपर्यंत दावा लावता येतो. अपंगत्वामुळे नोकरी सुटली तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अटही लागत नाही.

तर भावाला मी काय सांगितलं? सही करू नको, अंगठा तर नाहीच, आणि शाखा कार्यालयात चल. तिथे चार खेपा झाल्या. एकदा साहेब रजेवर, एकदा सर्व्हर बंद. चौकशीला माणूस शॉपमध्ये जाऊन आला, पगाराचे सात मेसेज कामी आले. मेडिकल बोर्डासमोर त्याला मूठ वळायला सांगितली, मग टेबलावरचं नाणं उचलायला. उरलेल्या दोन बोटांनी आणि अंगठ्याने त्याने ते तिसऱ्या खेपेला उचललं. बोर्डाने २० टक्के लिहिले.

आता पेन्शन खात्यात येते. परवा तो दाखल्यावर सही घ्यायला बँकेत गेला होता. रांगेत पुढे-मागे सगळे सत्तरीचे आजोबा. एकाने विचारलं, "बाळा, वडिलांसाठी आलास का?" त्याने डाव्या हाताने फॉर्म पुढे केला. हयातीचा दाखला, अर्जदाराचं वय ३१.