दहा वर्षांचा जीवननियोजक मराठवाड्यातल्या घराला कितपत पुरतो?

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात किंवा लातूरला वह्या-पुस्तकांच्या दुकानात आता मराठीत छापलेले जीवननियोजक मिळतात. साधारण सगळ्यांचा साचा एकच. आरोग्य, पैसा, काम, कुटुंब, शिक्षण, छंद, समाज, अध्यात्म असे आठ भाग. प्रत्येकाचं दहा वर्षांनंतरचं चित्र लिहायचं, त्यातून पाच वर्षांचं, मग वर्षाचं आणि महिन्याचं काम काढायचं. दुरून जवळ येण्याची ही पद्धत आम्हाला पटते.

यातलं सगळ्यात कामाचं पान म्हणजे आठ भागांचं चाक. प्रत्येक भागाला आज दहापैकी किती गुण, ते रंगवायचं. नवरा-बायकोने ते एकमेकांचं न बघता भरावं आणि मग शेजारी ठेवावं. जिथे तीनपेक्षा जास्त गुणांचा फरक दिसेल, तिथे आधी बोलणं करावं, उद्दिष्ट नंतर लिहावं. दोघांचं चाक एकाच वहीत मावत नाही, म्हणून त्या पानाची झेरॉक्स काढून ठेवा.

पैशाच्या भागात मात्र हे नियोजक कमी पडतात. ‘मासिक उत्पन्न’ हा रकाना नोकरदाराच्या घराला चालतो. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या सुमाराला येतो, तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीत, हरभऱ्याचा त्याच्या मागून. बाकीचे महिने खर्चाचेच. बारा रकाने सरासरी काढून भरले की जूनमध्ये, ऐन पेरणीच्या तोंडावर, हिशेब कोलमडतो. त्यावर पट्टी मारा आणि तीन हंगामांचे तीन रकाने आखा.

तिमाही आढाव्याच्या तारखाही मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर अशा छापलेल्या असतात. त्याऐवजी पाडवा, मृग, दसरा आणि संक्रांत धरावी. अंतर जवळपास तेवढंच राहतं, आणि सालगड्याचा करार, पेरणी, सुगी यांचे निर्णय याच दिवसांच्या आसपास होत असल्याने सगळं घर एकत्र बसलेलं असतं.

आता जे पान कोणत्याही नियोजकात आम्हाला सापडलं नाही आणि जे सर्वांत आधी आखायला हवं, ते. डावीकडे 2026 ते 2036 अशी वर्षं, वर घरातल्या प्रत्येकाचं नाव, खाली त्या-त्या वर्षीचं वय. मुलगी आज 8 वर्षांची आणि वडील 62 चे असतील, तर 2036 मध्ये ती 18 ची आणि ते 72 चे. बारावीनंतरच्या शिक्षणाचा खर्च आणि वडिलांच्या दवाखान्याचा खर्च एकाच वर्षी येऊ शकतो, हे आठ वेगवेगळ्या भागांत लिहून कधीच दिसत नाही.

याच तक्त्यात बचतीची वर्षं टाका. सुकन्या समृद्धीचं खातं मुलगी 10 वर्षांची होण्याआधी उघडावं लागतं, 15 वर्षं भरावं लागतं आणि ते उघडल्यापासून 21 वर्षांनी पिकतं. आठव्या वर्षी उघडलेलं खातं तिच्या 29 व्या वर्षी मोकळं होईल. शिक्षणासाठी 18 व्या वर्षी किंवा दहावीनंतर जास्तीत जास्त निम्मी रक्कम मिळते. उरलेल्याची सोय वेगळी करावी लागेल. पीपीएफची (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीची) 15 वर्षं तर खातं उघडलं ते आर्थिक वर्ष संपल्यावर मोजतात: 2026-27 मध्ये उघडलेलं खातं 1 एप्रिल 2042 ला पूर्ण होतं. खर्चाचा आकडा आजच्या भावाने लिहू नका. वर्षाला 6 टक्के महागाई धरली तर 12 वर्षांत तो दुप्पट होतो. लातूरला अकरावी-बारावीसाठी मूल ठेवायचं असेल, तर वसतिगृह, मेस आणि क्लास तिन्ही याच हिशेबाने मांडा.

शेतीच्या चित्रात वाक्य मोजता येईल असं हवं. ‘बाग चांगली करायची’ याने काही ठरत नाही. ‘2032 साली एक एकर मोसंबी, 6 बाय 6 मीटरवर सुमारे 110 झाडं, ठिबकवर, उन्हाळ्यात शेततळ्याच्या पाण्यावर’ असं लिहिलं की मागचं कामही समोर येतं. मोसंबीला विकण्याजोगा माल पाचव्या वर्षाच्या आसपास लागतो. म्हणजे लागवड 2027 च्या पावसाळ्यात, आणि पाण्याची सोय त्याच्याही आधी. 2012-13 च्या दुष्काळात जालना आणि संभाजीनगर भागातल्या कितीतरी बागा वाळल्या. म्हणून प्रत्येक दहा वर्षांच्या वाक्याशेजारी ‘सलग दोन वर्षं पाऊस नाही झाला तर’ हा रकाना हाताने आखाच. छापील वहीत तो नसतो, आणि आपल्याकडे त्याच्याशिवायचं चित्र अर्धंच.

बहुतेकांचं नियोजन एका कारणाने अडतं: पहिल्याच आठवड्यात आठही भागांत उद्दिष्टं लिहिली जातात. वर्षाला दोन भाग निवडा, बाकी सहा आहे तसे चालू द्या.

घेताना तारखा न छापलेला, शिवण बांधणीचा नियोजक घ्या. स्पायरलची पानं वर्षभरात भोकांपाशी फाटतात. कागद पातळ असेल तर जेल पेन पाठीमागे उमटतं, म्हणून दुकानातच शेवटच्या पानावर लिहून बघा. दहा वर्षांचं पान शिसपेन्सिलीने भरा. हे सगळं दोनशे पानी लाँगबुकात पट्टीने आखूनही होतं. ज्यांना आखायचा कंटाळा नाही, त्यांनी छापील नियोजकावर पैसे घालू नयेत. चाकाचं पान तेवढं कुणाकडून तरी उतरवून घ्यावं.