गोसीखुर्दचे पाणी की दाभोळची खाडी : छोट्या होडीने आधी कुठे जावे?

पवनी-भंडारा पट्ट्यात ज्यांनी दहा-बारा फुटांची फायबरची होडी आणि लहान इंजिन घेतले आहे, त्यांच्यापुढे बहुधा दोन पर्याय असतात : जवळचे, वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे पाणी, नाहीतर सुट्टी काढून कोकणातली एखादी खाडी. येथे दाभोळची खाडी विचारात घेतली आहे, कारण वाशिष्ठी नदीच्या मुखापासून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत भरतीचे पाणी चढते आणि लहान होडीला उघड्या समुद्रात न जाता लांबचा पल्ला मिळतो.

आपल्याकडच्या माणसाला भरती-ओहोटीची धास्ती वाटते, पण वेळापत्रक आखायचे तर खाडीइतके शिस्तीचे पाणी दुसरे नाही. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटे जातात आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. (प्रत्यक्ष निघताना मात्र त्या बंदराचा भरतीचा तक्ताच पाहावा.) ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सुमारे सहा तासांत पाणी एकसारखे चढत नाही. मधल्या दोन तासांतच एकूण चढाचा निम्मा भाग उरकतो आणि ओढ तेव्हाच सर्वांत जास्त असते. जेटीच्या खांबाच्या एका अंगाला पाण्याची वळी चढलेली आणि दुसऱ्या अंगाला भोवरे फिरताना दिसले, तर ती वेळ आली असे समजावे.

या ओढीचा अर्थ इंधनात मोजता येतो. होडीचा वेग ताशी ७ किलोमीटर आणि ओढ ३ किलोमीटर धरली, तर २० किलोमीटर अंतर ओढीबरोबर दोन तासांत आणि ओढीविरुद्ध पाच तासांत कापले जाते. म्हणून तिथी निवडणे हाच खरा निर्णय आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात दुपारी बाराच्या सुमारास भरती पूर्ण होते. त्यानंतर मुखाकडे परतताना ओहोटी बाहेर ओढते, दुपारचा समुद्रवारा समोरून येतो, दोहोंच्या झटापटीत आखूड, उभ्या लाटा उठतात आणि संध्याकाळी नेमके पाणी उतरलेले असल्याने होडी चिखलात बसण्याची भीती राहते. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, सगळे उलटे जुळते : मुक्काम खाडीच्या आत असेल तर सकाळी ओहोटीबरोबर मुखाच्या अलीकडपर्यंत जावे, बाराच्या सुमारास पाणी फिरले की भरती आणि वारा दोन्ही पाठीशी घेऊन परतावे. शिवाय त्या दिवसांत ओढही सौम्य असते.

गोसीखुर्दला चंद्राशी देणेघेणे नाही. हिवाळ्यात धरणाच्या वरच्या पाण्याला ओढ जवळपास नसतेच, त्यामुळे अंभोऱ्याच्या बाजूला जाणे-येणे कोणत्याही वेळी सारखेच पडते. तेथे अडथळे वेगळे आहेत. बुडालेल्या झाडांचे खुंट पाणी उतरेल तसे पृष्ठभागाजवळ येतात, जलपर्णी पंख्यात गुंतते आणि मोकळ्या पाण्यावर वारा सुटला की आडोसा दूर असतो. पाण्याची पातळी मात्र पंचांगावर नव्हे, माणसाच्या निर्णयावर आणि वरच्या पावसावर हलते. मध्य प्रदेशात शिवनी-बालाघाटकडे पाऊस पडून संजय सरोवर या वैनगंगेवरच्याच धरणाचे पाणी सुटले, तर भंडाऱ्यात ऊन असतानाही वैनगंगा चढते. ऑगस्ट २०२० च्या अखेरचा पूर जिल्ह्याने पाहिला आहे. काठावर काडी रोवून पाणी किती चढले ते पाहण्याची डोंगेवाल्या ढीवरांची रीत म्हणूनच कोणत्याही तक्त्याइतकी मोलाची आहे.

खर्चाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. दाभोळ भंडाऱ्याहून जवळजवळ हजार किलोमीटर आहे आणि कुंभार्ली घाटातून ट्रेलरवर होडी उतरवण्यापेक्षा तिकडच्या तांडेलासह (होडी चालवणाऱ्यासह) तिकडचीच होडी घेणे शहाणपणाचे.

माझे मत असे की होडी नवीन असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी गोसीखुर्दवर, जलसंपदा विभागाची परवानगी घेऊन आणि भिंतीपासून दूर राहून हात बसवावा. त्यानंतर अष्टमी साधून दाभोळला जावे. ज्यांचा हात बसलेला आहे, त्यांनी सरळ खाडी निवडावी, कारण ओढ ओळखायला स्थिर पाणी शिकवत नाही. ओढ शिकण्यासाठी पावसाळ्यात धरणाच्या दारांखाली, पवनीच्या घाटावरून होडी घालावी असे सुचवणारेही भेटतात. तो पर्याय धोक्याचा म्हणून या तुलनेत मुद्दामच घेतलेला नाही.