पीडित कोण हे ठरवायचं कसं: साउथ आफ्रिका, चिली की पेरू?

एखाद्या सत्यशोधन आयोगाच्या (हुकूमशाही, वर्णभेद किंवा यादवीतल्या अत्याचारांची सरकारी नोंद करणारा आयोग) मसुद्यावर ज्यांना सूचना पाठवायच्यात त्यांच्यासाठी लिहितोय. सगळे आयोगावर कोण बसणार यावरच भांडत बसतात, पण आधी व्याख्येचं कलम वाचा, कारण त्यात जो बसत नाही त्याच्यावर काय गुदरलं हे सरकारी कागदावर येतच नाही.

साउथ आफ्रिकेचा कायदा १९९५ चा. १ मार्च १९६० ते १० मे १९९४ या काळातले खून, अपहरण, छळ आणि गंभीर गैरवागणूक, एवढंच मोजायचं. यातली एक गोष्ट मला खरंच पटते, बाजू बघितली नाही. पोलिसांनी मारलेला असो की एएनसीच्या, म्हणजे वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या संघटनेच्या, छावणीत छळ झालेला, दोघंही पीडित. पण वर्णभेदाचा रोजचा त्रास म्हणजे पास (काळ्या लोकांना बाळगावा लागणारा परवाना) नाही म्हणून अटक, वस्त्या उठवणं, हे तर तिथल्या कायद्यानेच चाललेलं, ते व्याख्येबाहेर राहिलं! १९६० नंतरच्या वीसेक वर्षांत सुमारे ३५ लाख लोकांना घरातून हलवलं होतं, आणि तेवढ्यावरून त्यातलं कोणी पीडित ठरलं नाही. वर पीडितांची यादीही बंद. आयोगाने सहा वर्षं दरवर्षी पैसे द्यायला सांगितलेलं, सरकारने २००३ मध्ये एकदाच ३०,००० रँड जाहीर केले आणि तेही फक्त यादीतल्यांना, खुलुमानी ही पीडितांची संघटना यादी उघडा म्हणून वर्षानुवर्षं झगडतेय.

चिलीत सुरुवात याहून अरुंद होती. १९९० च्या रेटिग आयोगाने फक्त मेलेले आणि बेपत्ता झालेले मोजले, २,२७९ जण, म्हणजे हुकूमशहा पिनोशेच्या कोठडीतून जो जिवंत सुटला तो यादीत नाहीच. पण त्यांनी दार परत उघडलं. २००३ मध्ये वालेक आयोग आला, राजकीय कैद आणि छळ भोगलेले २८ हजारांवर लोक नोंदले गेले, त्यांना आयुष्यभराची पेन्शन मिळाली, आणि २०१०-११ च्या फेरीत अजून ९,७९५ जणांची भर पडली. मात्र वालेकपुढच्या साक्षी ५० वर्षं गुप्त ठेवल्यात, ते मला अजिबात मान्य नाही.

पेरूमध्ये आयोगाने २००३ च्या अहवालात सरकार आणि बंडखोरांमधल्या संघर्षात ६९ हजारांवर बळी गेल्याचा अंदाज दिला आणि ज्याचे हक्क तुडवले गेले तो पीडित असं धरलं, तो कुठल्या गटाचा हे न बघता. पण २००५ च्या भरपाईच्या कायद्याने सशस्त्र बंडखोर गटांच्या लोकांना पीडितांमधून काढलं. म्हणजे सेंदेरो (सेंदेरो लुमिनोसो ही माओवादी बंडखोर संघटना) चा माणूस पकडल्यावर लष्कराने त्याचा छळ केला, मारलं, तरी भरपाईच्या नोंदीत त्याचं नाव नाही. सेंदेरोने केलेल्या कत्तली भयानकच होत्या, सर्वात जास्त बळी त्यांनीच घेतले, पण त्याची शिक्षा कोर्टाने द्यायची ना, पीडितांच्या रजिस्टरने कशाला?

मी निवडणार असतो तर बाजू न बघणं साउथ आफ्रिकेकडून घेतलं असतं आणि पुन्हा पुन्हा उघडणारी यादी चिलीकडून. मसुद्यात तीन गोष्टी लेखी मागा: नोंदणीला शेवटची तारीख नको, नाव नाकारलं तर कारण आणि अपील हवं, आणि जमीन-घर हिरावणं व्याख्येत हवं. तिन्ही मिळत नसतील तर तारखेसाठी अडून बसा, बाकीचं मागाहून घालता येतं.