ॲल्युमिनियमच्या होडीला बंद तोंडाचे रिव्हेट आणि सिकाफ्लेक्स: शापोऱ्यात एक सीझन वापरून झाल्यावर

एक सीझन पूर्ण झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण सीलंट, म्हणजे फट बुजवायची चिकट पेस्ट, कुठलंही असो, पहिल्या आठवड्यात चांगलंच दिसतं. मागच्या जून-जुलैत घराच्या पडवीत काम केलं, ऑगस्टपासून मे संपेपर्यंत होडी गोव्यातल्या शापोरा नदीत होती, कोलवाळच्या पुलापासून खाली शिवोली-चोपडेच्या पुलापर्यंत, कधीतरी पुढे मोरजीला नदीच्या तोंडापर्यंत. आता १ जूनची मासेमारीबंदी लागली, होडी वर काढली, पालथी घातली आणि टॉर्च घेऊन एकेक रिव्हेट (पत्रे जोडायची धातूची मेख) बघितला. तेव्हा आता लिहितो.

होडी १२ फुटी, व्ही हल (म्हणजे तळ इंग्रजी V सारखा), पत्रा २ मिमी, एका वॉटरस्पोर्ट्सवाल्याकडून सेकंडहँड घेतलेली. आत तीन आडव्या बाकांशिवाय काहीच नव्हतं. मी नोकरी सांभाळून शनिवार-रविवार गरवायला जाणारा माणूस, मला चोणक माशासाठी उभं राहून ल्युअर (खोटं आमिष) टाकायला पुढे छोटा डेक हवा होता, एक फिरती सीट, रॉड होल्डर, बिल्ज पंप (तळातलं पाणी उपसायचा), लाईट आणि फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र). सगळं स्वतः करायचं. आणि यातली प्रत्येक वस्तू बसवायची म्हणजे होडीला भोक पाडायचं, लाकडी होडीत खिळा मारावा तसं हे नाही, ॲल्युमिनियमला पाडलेलं भोक खाऱ्या पाण्यात जन्मभर सांभाळावं लागतं.

हे मला आधी कळलं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी मी सगळं घाईत केलं, सीटचा बेस स्टीलच्या स्क्रूने थेट पत्र्यावर, रॉड होल्डर साध्या पॉप रिव्हेटने, मागचा पाणी काढायचा बूच पितळेचा, आणि वरून बाथरूमला लावतात तो सिलिकॉन. चार महिन्यांनी सीट हलायला लागली म्हणून उघडली तर स्क्रूच्या भोवती पांढरी भुकटी, ओल्या चुन्यासारखी, नखाने खरवडली तर खाली पत्रा नव्हताच, स्क्रूचं भोक वाढून करंगळीचं टोक आत जाईल एवढं झालेलं. बुचाच्या बाजूला पत्र्यावर पुळ्या आल्यासारखे फोड. त्या दिवशी मी खरंच खचलो होतो, कारण होडी जुनी असली तरी पत्रा एकदम ठणठणीत होता आणि तो मीच खराब केला होता.

मग म्हापशाला एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. शुक्रवारचा बाजार, दुकानात ही गर्दी. मी नवीन पितळेचा बूच मागितला तर काउंटरवरच्या म्हाताऱ्या काकांनी विचारलं होडी कशाची. ॲल्युमिनियमची म्हटल्यावर त्यांनी बूच परत ड्रॉवरमध्ये टाकला. "पितळ घालूं नाका, ॲल्युमिनियम खाता तें." गिऱ्हाईक आयतं समोर असताना वस्तू परत ठेवणारा दुकानदार मी पहिल्यांदाच बघितला. दुकानाचं नाव टाकू नको असं त्यांनी स्वतः सांगितलंय म्हणून टाकत नाही, पण मनापासून पाचपैकी पाच.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. खारं पाणी म्हणजे बॅटरीतल्या पाण्यासारखं, त्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की करंट चालू होतो आणि त्यातला कमजोर धातू झिजतो. ॲल्युमिनियम हा यात जवळजवळ नेहमीच कमजोर. तांबं आणि पितळ सगळ्यात वाईट. स्टेनलेस चालतं, पण मध्ये काहीतरी आडवं घालून, म्हणजे नायलॉनचा वॉशर, सीलंट, नाहीतर त्यासाठी मिळते ती पेस्ट. ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियमचाच रिव्हेट लावला तर प्रश्नच मिटतो.

आता रिव्हेटबद्दल. साध्या पॉप रिव्हेटला मधून आरपार भोक असतं, रिव्हेटच्या गनने ओढल्यावर मधला खिळा तुटतो आणि त्याचं डोकं तेवढं आत अडकून राहतं. त्या फटीतून पाणी झिरपतं, आणि ते अडकलेलं डोकं लोखंडी असलं तर गंजतं आणि एक दिवस पडून जातं. बंद तोंडाच्या रिव्हेटचं आतलं टोक पेनाच्या टोपणासारखं बंद असतं, खिळ्याचं डोकं त्या टोपणात कोंडलं जातं, त्यामुळे रिव्हेटच्या मधून पाणी यायला वाटच नाही. मी ४.८ मिमीचे घेतले, ड्रिल ४.९ चं. भोक ढिलं पाडू नका, अर्धा मिमी जास्त झालं तरी रिव्हेट नीट फुगत नाही. आणि लांबी घेताना किती जाडी पकडायची आहे ते मोजून घ्या, माझ्याकडे पत्रा २ मिमी आणि ब्रॅकेट ३ मिमी म्हणजे ५ मिमी, त्या रेंजचाच रिव्हेट पाहिजे, लांब घेतला तर बरा असं होत नाही.

एक फसवणूक सांगतो. पहिलं पाकीट मी ऑनलाइन मागवलं होतं, वर लिहिलेलं पूर्ण ॲल्युमिनियम. काकांनी एक रिव्हेट घेऊन त्याला लोहचुंबक लावला, टक्कन चिकटला. म्हणजे त्यात लोखंड होतं. तेव्हापासून मी प्रत्येक पाकिटातला एक रिव्हेट असा तपासतो, तुम्हीही तपासा, दोन मिनिटांचं काम.

वर्षानंतर निकाल: एकूण ६२ रिव्हेट मारले, त्यातला एकही ढिला नाही, एकाच्याही भोवती पांढरी भुकटी नाही. साध्यापेक्षा मला तिप्पट महाग पडले पण एवढ्या छोट्या होडीत ते जाणवत नाही. एक मात्र, हाताने दाबायच्या छोट्या गनने हे मारायला जाऊ नका, दहा रिव्हेटनंतर माझा पंजा उघडत नव्हता. लांब हँडलची, कात्रीसारखी मिटणारी गन येते ती घ्या किंवा कुणाची तरी मागून आणा. आणि होडीचे मूळचे सांधे, म्हणजे पाण्याखालचे पत्रे जिथे एकमेकांवर बसतात, तिथले रिव्हेट ढिले झाले असतील तर तिथे हे लावू नका, तिथे भरीव रिव्हेटच पाहिजेत, आतून एकाने लोखंडी ठोकळा धरायचा आणि बाहेरून दुसऱ्याने ठोकायचं. आमच्याकडे मी आणि माझा मेव्हणा होतो, दीड दिवस लागला, शेजाऱ्यांनी आवाज सहन केला त्याबद्दल त्यांचे आभार.

सीलंट सिकाफ्लेक्स २९१आय, ३०० मिलीची नळी. हे पॉलियुरेथेन आहे आणि खास बोटींसाठीचं आहे. मुळात बाथरूमच्या सिलिकॉनचा मोह टाळा. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ना, ते सुकताना ॲसिड सोडतं, धातूला ते वाईटच, आणि एकदा सिलिकॉन लागलेल्या जागी नंतर दुसरं काहीच नीट धरत नाही. माझे दोन दिवस नुसते जुनं सिलिकॉन खरवडण्यात गेले.

हे लावताना पत्रा घासणं हेच खरं काम. ॲल्युमिनियमवर हवेने आपोआप एक पातळ थर येतो, तो घासून, ॲसिटोनने पुसून, लगेच लावायचं. सकाळी घासून ठेवून दुपारी लावलं तर उपयोग नाही. रिव्हेट सीलंटमध्ये बुडवून घालायचा, ओढला की कडेने गोल कंगोरा बाहेर येतो, तो बोटाने फिरवून घ्यायचा. जिथे नटबोल्ट आहेत तिथे पहिल्यांदा अर्धवटच आवळायचं, सगळं सीलंट पिळून बाहेर आलं तर आत राहणार काय, सुकल्यावर मग शेवटचा पाव फेरा द्यायचा.

पावसाळ्यात हे काम करावं का असं मला दोघातिघांनी विचारलं. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्यानेच सुकतं, त्यामुळे आपल्या जुलैत ते उलट मस्त सुकलं, फक्त पत्रा कोरडा पाहिजे. अडचण वेगळीच आहे, उघडलेली नळी तेवढ्याच वेगाने आतून दगड होते. मी तोंडात मोठा स्क्रू घालून वर टेप गुंडाळली होती तरी तिसऱ्या आठवड्यात अर्धी नळी फेकावी लागली. तेव्हा आधी सगळी भोकं पाडून, सगळं कोरडं बसवून बघा आणि मग एकाच दिवशी सगळं सीलंट लावा. घेताना नळीवरची तारीखही बघा, जुनी नळी घट्ट येते. प्रायमर आणि इपॉक्सीचं काम मात्र पावसात करू नका, मी डेकच्या प्लायला इपॉक्सी मारलं ते वर चिकट तेलकट राहिलं, परत धुवून घासावं लागलं.

प्लायवरून आठवलं. ज्या लाकडाला कीड लागू नये म्हणून तांबं असलेलं औषध मारलंय ते ॲल्युमिनियमला थेट टेकवायचं नाही, ओलं झालं की तेच पितळेचं नाटक परत. मी प्लाय सगळ्या बाजूंनी, भोकांच्या आतूनसुद्धा इपॉक्सीने बंद केला आणि खाली रबरी पट्टी घातली. तळाला लावायच्या रंगाचंही तेच, कालवं धरू नयेत म्हणून जो लाल अँटीफाउलिंग मारतात त्यात बहुतेक वेळा तांबंच असतं. डबा वाचून घ्या. मी काहीच मारलं नाही, होडी आठवड्याला वर ओढतो आणि ब्रश मारतो.

गळती तपासायची पद्धत काकांचीच. होडी पाण्यात टाकून आत बघायचं नाही, उलट करायचं. होडी जमिनीवर नारळाच्या ओंडक्यांवर नीट टेकवून ठेवली आणि विहिरीचं पाणी पाईपने आत सोडलं, चार-पाच बोटं, त्याहून जास्त नाही कारण पाण्याचं वजन पत्रा वाकवतं. मग मी खाली आडवा झालो. पाच मिनिटं काही नाही. मग मागच्या कोपऱ्यात एका जुन्या रिव्हेटवर एक थेंब फुगला, थरथरला आणि माझ्या कपाळावर पडला. मार्करने गोल केला. असे सात निघाले, सगळे जुने, नव्यातला एकही नाही. या वेळी वर काढल्यावर हीच टेस्ट परत केली, एक थेंबसुद्धा नाही. माझ्यासाठी यापेक्षा मोठा रिव्ह्यू नाही.

पितळेच्या बुचाच्या जागी नायलॉनचा ड्रेन बसवला, त्याबद्दल तक्रार नाही. फिशफाइंडरसाठी मात्र एक युक्ती सांगायलाच पाहिजे. त्याच्या ट्रान्सड्यूसरची, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सेन्सरची, जागा पहिल्या फटक्यात कधीच बरोबर येत नाही, दोन-तीन वेळा वरखाली करावा लागतो आणि प्रत्येक वेळी पाण्याखाली नवीन भोकं. म्हणून मागे जाड एचडीपीईचा तुकडा, भाजी कापायच्या पाटासारखा पांढरा असतो तो, दोनच स्क्रूने पाण्याच्या वर धरवून ठेवला आणि ट्रान्सड्यूसर त्या तुकड्यावर बसवला. आता भोकं पाडायची तेवढी त्या पाटाला.

वायरिंगबद्दल एकच, आणि हे गाडीचं काम करणारे इलेक्ट्रिशियन हमखास चुकवतात: गाडीत निगेटिव्ह बॉडीला देतात तसं होडीत द्यायचं नाही. प्रत्येक वस्तूला दोन वायरी ओढा आणि निगेटिव्ह परत बॅटरीपर्यंत न्या, नाहीतर करंट पत्र्यातून फिरतो आणि मग कुठलाही रिव्हेट होडी वाचवणार नाही. कथील चढवलेली तांब्याची वायर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, बस्स.

शेवटी ॲनोड, म्हणजे पत्र्याऐवजी स्वतः झिजायला लावलेला धातूचा तुकडा. मी पहिल्यांदा जस्ताचा लावायला निघालो होतो, सगळे तेच लावतात. पण शापोऱ्याचं पाणी पावसाळ्यात वरच्या थरात जवळपास गोडं होतं, आणि गोड्या पाण्यात जस्तावर कवच धरतं, मग तो झिजतच नाही आणि झिजला नाही म्हणजे कामही करत नाही. ॲल्युमिनियम मिश्रधातूचा ॲनोड खाऱ्या आणि मचूळ दोन्ही पाण्यात चालतो. तो घासलेल्या उघड्या पत्र्यावर बसवायचा, मध्ये सीलंट नाही, वर रंग नाही. बाकी सगळीकडे धातूंना एकमेकांपासून तोडायचं आणि इथे मात्र जोडायचं, हे डोक्यात बसायला मला जरा वेळ लागला. माझा आता साधारण एक तृतीयांश झिजलाय, म्हणजे पत्र्याच्या वाट्याचं त्याने खाल्लं.

डेक मी आधी बाकांच्या उंचीवर केला होता, उभा राहिलो की होडी डुलायची, चोणक लागल्यावर तर भीतीच वाटली. तो काढून तळापासून चार इंचांवर आणला. त्याची जुनी २० भोकं मी बंद तोंडाच्या रिव्हेटनेच बुजवली, ६२ च्या आकड्यात तीही धरलीयत.

रिव्हेटला पाच, सिकाफ्लेक्सला साडेचार, अर्धा त्या फेकलेल्या नळीचा. कुणाला बघायचं असेल तर होडी ३१ जुलैपर्यंत पडवीत पालथीच आहे, त्या २० जागा हाताने चाचपून बघा.