पुण्यातील एका किरणोपचार विभागाचा अनुभव : नियोजन उत्तम, पाठपुरावा अपुरा

काकांच्या मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरल्यावर पुण्यातील एका खासगी रुग्णालयात त्यांनी किरणोपचार घेतले. विभागाची शिस्त आणि तंत्रज्ञांचे सौजन्य वाखाणण्याजोगे आहे. मात्र मला लिहायचे आहे ते तेथे यकृत कसे जपले जाते याविषयी.

यकृत श्वासाबरोबर वरखाली सरकते, म्हणून नियोजनाचा सीटी स्कॅन श्वासाच्या सर्व टप्प्यांत घेण्यात आला. उपचार तीन बैठकांत करायचे असल्यास निरोगी यकृताच्या किमान 700 घन सेंटिमीटर भागाला एकूण 15 ग्रेपेक्षा (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) कमी मात्रा मिळावी, असा प्रचलित दंडक आहे. तो कसा पाळला आहे, हे डॉक्टरांनी पडद्यावर आलेख दाखवून समजावले. कापलेले यकृत पुन्हा वाढते, मग किरणांची एवढी धास्ती कशाला, हा माझा प्रश्नही त्यांनी टाळला नाही. किरणांमुळे पेशीतील डीएनएचे दोन्ही धागे तुटतात आणि दुरुस्ती अपुरी राहिली, की पी53 व पी21 ही प्रथिने पेशीचे विभाजन थांबवतात. अशी पेशी मरत नाही. ती अकाली म्हातारी होऊन जागेवरच राहते आणि इंटरल्यूकिन-6सारखे दाहकारक पदार्थ सोडत राहते, ज्यांमुळे शेजारच्या पेशीही बिघडतात, यकृतात तंतू साठू लागतात आणि पुन्हा वाढण्याची शक्तीच खालावते. इतके सविस्तर उत्तर गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात मिळणे दुर्मीळच.

शेवटच्या दिवशी हातात पडलेल्या कागदावर मात्र त्वचा, मळमळ आणि आहार एवढेच होते. किरणांमुळे होणारा यकृताचा विकार बहुधा उपचारानंतर 2 आठवडे ते 4 महिन्यांत दिसतो. त्यात यकृतातील बारीक शिरा तुंबतात, पोटात पाणी होते, वजन झपाट्याने वाढते आणि रक्तातील अल्कलाइन फॉस्फटेज हे यकृताच्या तपासणीत मोजले जाणारे विकर चढते. कावीळ मात्र बरेचदा नसते. आपल्याकडे यकृत बिघडले म्हणजे डोळे पिवळे होणारच, असा समज असल्यामुळे ही सूचना सर्वांत आधी हवी होती. मी विचारले म्हणून ती मिळाली आणि रक्ततपासणीच्या तारखाही ठरल्या; पण सोलापूर किंवा बारामतीकडून येऊन उपचार संपताच गावी परतणाऱ्या रुग्णाने काय विचारावे, हे त्याला कोण सांगणार?

उपचारांसाठी हा विभाग मी निःशंकपणे सुचवेन. निघण्यापूर्वी पुढील 4 महिन्यांच्या तपासण्यांच्या तारखा आणि तातडीने संपर्क साधण्याची लक्षणे मराठीत लिहून मागावीत, आणि विभागानेही हा कागद न मागता द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.