जेम्स ब्राऊनचा 'स्टार टाइम' बॉक्स सेट: शफलवर टाकू नका, क्रमाने ऐका

अमेरिकन गायक जेम्स ब्राऊनची दोनचार गाजलेली गाणी ऐकलीयेत, आता पुढे काय ऐकू असं कोणी विचारलं की मी डोळे झाकून 'स्टार टाइम' सांगतो. १९९१ साली आलेला चार सीडींचा सेट, ७१ ट्रॅक, १९५६ च्या 'प्लीज, प्लीज, प्लीज'पासून सुरू होतो आणि १९८४ ला हिप-हॉपवाल्या आफ्रिका बंबाटाबरोबर केलेल्या 'युनिटी'वर थांबतो.

पहिल्या सीडीत फंक, म्हणजे सुरावटीपेक्षा तालावर उभं असलेलं त्याचं पुढचं संगीत, शोधू नका, मिळणार नाही. तिथे एक माणूस जीव तोडून विनवण्या करतोय, मागे फेमस फ्लेम्स हा त्याचा गायकांचा गट साथ देतोय, आणि आवाज फाटेल की काय असं वाटत राहतं. काहींना ही सीडी संथ वाटते, पण ती सोडून पुढे गेलात तर नंतर काय उलथापालथ झाली तेच कळणार नाही.

ती उलथापालथ दुसऱ्या सीडीवर आहे. 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग', फेब्रुवारी १९६५, नॉर्थ कॅरोलिनातलं शार्लट. आपण सगळ्यांनी जे ऐकलंय ते सिंगल, म्हणजे कापून लहान केलेलं आणि स्पीड वाढवलेलं. इथे ते मूळ रेकॉर्डिंग मूळ वेगात आहे, जवळजवळ सात मिनिटं, आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच ब्राऊन ओरडून सांगतो की हे हिट आहे! वेग कमी असल्यामुळे गाणं चांगलंच जड आणि ठाम लागतं, जिमी नोलनची गिटार खरवडल्यासारखी मध्येच येऊन जाते आणि मेसिओ पार्कर सॅक्सवर सुटला की ब्राऊन मागून त्याचं नाव घेत त्याला पेटवत राहतो. माझ्यासाठी अख्ख्या सेटचे पैसे इथेच वसूल.

त्यानंतर १९६७ चं 'कोल्ड स्वेट', त्यात तर कॉर्ड जवळपास बदलतच नाहीत, गिटार, हॉर्न्स, खुद्द गाणाऱ्याचा गळा, सगळेच ताल धरतात. ब्राऊन बँडला 'द वन' सांभाळायला सांगायचा, म्हणजे मापातली पहिली मात्रा, आपल्याकडची समच म्हणा, मध्ये काय हवं ते करा पण समेवर सगळे एकत्र पाहिजेत. हे एकदा कानात बसलं की तिसरी सीडी वेगळीच ऐकू येते. 'फंकी ड्रमर'मध्ये तो ड्रमर क्लाईड स्टबलफील्डला सांगतो की सोलो वगैरे नको, चाललंय तेच चालू ठेव, मग सगळे थांबतात आणि फक्त ड्रम उरतो. हेडफोन लावून स्नेअर ड्रमवरचे ते हलके हलके फटके ऐकाच. पुढे हिप-हॉपवाल्यांनी हा तुकडा किती रेकॉर्ड्सवर वापरला याला गणती नाही, आणि स्टबलफील्डला त्याचं गीतकार-संगीतकार म्हणून क्रेडिट नाही की रॉयल्टी नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

१९७० मध्ये जुना बँड ब्राऊनला सोडून गेला आणि अठरा वर्षांचा बूट्सी कॉलिन्स बेस घेऊन आला, भाऊ कॅटफिश गिटारवर. तिथून बेसच पुढे येऊन बोलायला लागतो.

चौथी सीडी 'द पेबॅक' वगैरेपर्यंत जबरदस्त आहे, नंतर डिस्कोच्या काळातली गाणी जरा पातळ वाटतात, त्यातली दोनतीन गाळली असती तरी चाललं असतं. १९८५ चं 'लिव्हिंग इन अमेरिका' यात नाही, मला तरी त्याची उणीव भासली नाही.

आणि जमलं तर सीडीचा सेटच घ्या, जुना मिळाला तरी चालेल, फक्त आत पुस्तिका आहे ना ते आधी बघा. त्यातल्या लेखनाला ग्रॅमी मिळालंय आणि कुठलं गाणं कधी, कुठे, कोणाकोणाला घेऊन रेकॉर्ड झालं ते त्यात दिलंय, मी ती मांडीवर उघडी ठेवूनच ऐकतो.